जिमखाना आणि रंगमंच यांच्या मधला शिक्षक

बी.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या) अभ्यासक्रमात लेझमीचे प्रकार नावानिशी दिलेले असतात. घाटी लेझमीत आठ आवाज, बैठक आवाज, आगे पाव, आगे कदम, दो फेरकी, चौ फेरकी, कदम पवित्रा, उडाण पवित्रा. हिंदुस्थानी लेझमीत चार आवाज, एक जगह, दो रुख, चौ रुख, मोमिया. पुढे शारीरिक शिक्षक होणाऱ्याला हे सगळे नुसते पाठ करून भागत नाही, स्वतः करून दाखवावे लागते आणि दुसऱ्याला शिकवून दाखवावे लागते. हलगी कडाडते, पन्नास पोरे एका ठेक्यावर बसतात, उठतात, गिरकी घेतात, मांड्या भरून येतात, दम लागतो, पण ठेका सुटत नाही. याला व्यायाम म्हणायचे की नृत्य, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या तालमींना आणि शाळांच्या मैदानांना कधी पडला नाही. तो पडला विद्यापीठांच्या कागदांना. त्यांनी नृत्य एका खात्यात टाकले आणि शारीरिक शिक्षण दुसऱ्या. या दोन खात्यांच्या मधोमध उभा राहून दोन्हीकडचे काम करणारा जो शिक्षक आपल्या महाविद्यालयांत असतो, त्याच्या पेशाबद्दल हा लेख आहे. उदाहरणाला नगर जिल्हा घेतला आहे. सरकारदरबारी २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले. बोलताना लोक अजून नगरच म्हणतात, म्हणून इथेही तेच वापरतो.

आधी थोडे मागे जाऊ. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले. या मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आले. पुढे १९४९ मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या लिंगियाड या व्यायाम महोत्सवातही मंडळ सहभागी झाले. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ असताना १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. त्या काळातल्या सरकारी शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्ष होते लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचे स्वामी कुवलयानंद. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७ चे. या सगळ्या परंपरेत कवायत, लेझीम, मल्लखांब, योगासने आणि समूहाने केलेली तालबद्ध प्रात्यक्षिके एकत्र नांदली. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगली परिसरातल्या सुमारे ४०० लेझीमपटूंनी ठेका धरला, तेव्हा देशाने पाहिले ते नृत्यही होते आणि शारीरिक शिक्षणाचा धडाही.

जगातही ही दोन क्षेत्रे जन्मापासून वेगळी नव्हती. अमेरिकेत विद्यापीठातली नृत्याची पहिली पदवी सुरू झाली ती १९२६ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात, आणि तीही स्त्रियांच्या शारीरिक शिक्षण विभागात. ती सुरू करणाऱ्या मार्गारेट एच'डब्लर मूळच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी. त्या मुलींना बास्केटबॉल शिकवत. शरीर कसे हलते, सांधा कुठपर्यंत वळतो, हे समजून घेतल्याशिवाय नृत्य शिकवता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. आपल्याकडे नृत्याला विद्यापीठाचा दरवाजा वेगळ्या वाटेने उघडला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० च्या सुमारास नृत्य शिकवले जाऊ लागले, मुंबईत कनक रेळे यांनी नालंदा नृत्यकला महाविद्यालय काढले, पुण्यात विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले आणि कथकगुरू रोहिणी भाटे यांच्यासारख्या जाणत्या कलावतीने तिथल्या अभ्यासक्रमाला आकार दिला. या वाटेवर गुरू होते, घराणे होते, साहित्य आणि संगीत होते. मैदान नव्हते. आपल्याकडे शास्त्रीय नृत्य कलेच्या अंगणात वाढले, व्यायाम तालमीत वाढला, आणि दोघांची भेट होत राहिली ती फक्त शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनात.

नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, तालुके चौदा. नगर शहरात डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज स्थापन केले, १९६१ मध्ये संगमनेर महाविद्यालय आले, १९७० मध्ये जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचे न्यू आर्ट्स. पुढे साखर कारखान्यांच्या आसऱ्याने आणि रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांमुळे तालुक्या-तालुक्याला कॉलेज झाले. ही सगळी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पुणे शहर, पुणे जिल्हा, नाशिक आणि नगर अशा चार विभागांत होतात. म्हणजे अकोले तालुक्यातल्या कॉलेजचा कबड्डीचा संघ विभागीय सामन्यासाठी जामखेडला निघाला, तर त्याला जिल्ह्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जावे लागते.

या जिल्ह्याच्या अंगात कुस्ती आहे, हे सांगायला नको. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा नगर शहरातच झाली. पण त्याच अंगात नाचही तितकाच मुरलेला आहे. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. पठ्ठे बापूरावांच्या तमाशाच्या फडात जिने नाव काढले ती पवळाबाई संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची. तमाशासम्राज्ञी कांताबाई सातारकर यांचेही उत्तरायुष्य संगमनेरात गेले, तिथेच २०२१ मध्ये त्या वारल्या. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत ठाकरांचा कांबडनाच आहे, सोंगांचा बोहाडा आहे. जामखेडची लावणीची कला केंद्रे सगळ्यांना ठाऊक आहेत. एवढे असताना या जिल्ह्यातल्या कॉलेजमध्ये नृत्य शिकवायला कायमचे पद सहसा नसते. ते काम कुणाकडे जाते? कधी सांस्कृतिक विभाग सांभाळणाऱ्या मराठीच्या किंवा हिंदीच्या प्राध्यापकांकडे, आणि अनेकदा जिमखान्याच्या सरांकडे किंवा मॅडमकडे. कारण साधे आहे. मुलांना रांगेत उभे करणे, मोजणीवर हलवणे, पहाटे बोलावणे आणि दुखापत झाली तर पट्टी बांधणे हे त्यांना येते.

त्यांचे वर्ष कसे जाते ते पाहण्यासारखे आहे. प्रवेश संपता संपता खेळाडूंची निवड चालू होते. कोण शाळेत खो-खो खेळत होता, कोण तालमीत जातो, कोणती मुलगी गावच्या गणेशोत्सवात नाचते, हे शोधून काढायचे. मग पात्रता अर्ज. प्रत्येक खेळाडूचे वय, प्रवेशाची तारीख, दहावी-बारावीचे कागद. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांना पंचविशीपर्यंतच खेळता येते, त्यामुळे एका चुकीच्या तारखेने मुलाचे वर्ष वाया जाते. विभागीय सामने, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाच्या संघासाठी निवड, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. विद्यापीठाचा कलर कोट मिळालेला मुलगा तो कोट लग्नातसुद्धा घालतो, आणि घालावा. याच्या जोडीला युवक महोत्सव येतो. राज्यातल्या विद्यापीठांसाठी खेळांचा अश्वमेध आहे तसा कलांचा इंद्रधनुष्य आहे. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवात लोकनृत्याच्या संघात दहापर्यंत कलाकार, साथीला पाचपर्यंत वादक आणि वेळ दहा मिनिटे, असा नियम. नृत्य शास्त्रीय चालत नाही. शास्त्रीय नृत्याची एकल स्पर्धा वेगळी, तिला तयारीसह पंधरा मिनिटे.

दहा मिनिटे हे शब्द ऐकायला सोपे. प्रत्यक्षात लावणी, धनगरी किंवा कोळी नृत्याचा संघ सहाव्या-सातव्या मिनिटाला फुटू लागतो. आधी श्वास सुटतो, मग पायाची उंची कमी होते, मग रचना वाकड्या होतात, आणि परीक्षक गुण कापतो तो रचनेचा. दोष असतो दमाचा. इथे नृत्य जाणणारा शिक्षक पुन्हा पुन्हा तालीम घेतो. शारीरिक शिक्षण शिकलेला शिक्षक वेगळे करतो. तो संघाला महिनाभर आधी आठवड्यातून तीन दिवस पळवतो, दोन मिनिटे जोरात आणि एक मिनिट सावकाश अशा फेऱ्या घेतो, आणि मगच ढोलकी बोलावतो. शरीरशास्त्र त्याच्या बाजूने आहे. निवांत बसलेल्या अवस्थेत शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिच्या साधारण चौपट झपझप चालताना लागते, आणि एरोबिक नृत्यात साधारण सातपट. इतका खर्च दहा मिनिटे सलग पेलायचा तर हृदय आणि फुप्फुसे तशी घडवावी लागतात. ते नुसत्या स्टेप पाठ करून होत नाही.

दुसरी गोष्ट पायाखालच्या जमिनीची. आपल्या कॉलेजांचे हॉल शहाबादी फरशीचे किंवा सिमेंटचे. कथकच्या तत्कारात तळवा पूर्ण आपटतो, लावणीत टाचेचा ठोका असतो, लेझमीत उडी असते. कठीण फरशी हा आघात शोषत नाही, तो घोट्यातून नडगीत आणि गुडघ्यात जातो. वर्षभर काही न करता महोत्सवाच्या आधी दहा दिवस रोज चार-चार तास तालीम घेतली की मुलींच्या नडग्या दुखू लागतात, आणि मग बाम चोळून त्यांना रंगमंचावर उभे केले जाते. हे मला अन्यायाचे वाटते. कबड्डीला आता मॅट आली, कुस्तीला गादी आहे. नाचणाऱ्या पायांना मात्र फरशी. एका खोलीत लाकडी जमीन घालायला फार मोठा निधी लागत नाही, हवी असते ती पाय जपण्याची जाणीव. ताण हळूहळू वाढवणे, आधी शरीर गरम करणे, नंतर सैल करणे, विश्रांतीचा दिवस ठेवणे, हे मैदानाचे साधे नियम नृत्याच्या तालमीला जसेच्या तसे लागू पडतात. म्हणून हा दोन्हीकडचा शिक्षक मोलाचा.

आता या पेशात यायचे कसे, ते सांगतो. वरिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक हे पद असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे त्यासाठी शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी, नेट किंवा तत्सम पात्रता, आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळल्याची नोंद, आणि शारीरिक क्षमतेची चाचणी हे सगळे लागते. चाचणी अशी: पुरुषांनी १२ मिनिटांत वयाच्या तिशीपर्यंत १,८०० मीटर, चाळिशीपर्यंत १,५०० मीटर पळायचे किंवा चालायचे, स्त्रियांनी ८ मिनिटांत अनुक्रमे १,००० आणि ८०० मीटर. पुढच्या वयोगटांना अंतर कमी. वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाचीच, सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. त्याआधीची पायरी बी.पी.एड.; ते २०१४ च्या नियमांनंतर दोन वर्षांचे झाले आणि महाराष्ट्रात त्याच्या प्रवेश परीक्षेत मैदानी चाचणीही असते. पुढे एम.पी.एड., तेही दोन वर्षांचे.

या १२ मिनिटांच्या चाचणीचा उगम मुद्दाम सांगतो, कारण आपल्या विषयाचे मर्म त्यात आहे. डॉ. केनेथ कूपर हे अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर. सैनिकांच्या हृदय-फुप्फुसांची क्षमता झटपट मोजता यावी म्हणून त्यांनी ही धाव शोधली आणि १९६८ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्यांचे एरोबिक्सवरचे पुस्तक आले. ते वाचलेल्या जॅकी सोरेनसन या नर्तिकेने कूपरांची चाचणी दिली, नृत्याच्या सवयीमुळे आपला दम उत्तम असल्याचे तिला दिसले, आणि १९६९ मध्ये पोर्टोरिकोतल्या हवाई दलाच्या तळावर तिने सैनिकांच्या पत्नींसाठी एरोबिक नृत्याचे वर्ग सुरू केले. म्हणजे आज नगरच्या मुलाखतीला आलेला उमेदवार मैदानावर जी चाचणी देतो, आणि स्नेहसंमेलनात मुली ज्या एरोबिक्सवर नाचतात, त्या दोन्हींचे मूळ एकच. शास्त्राने त्यांना वेगळे केलेले नाही.

नृत्याची वाट निराळी आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा कथक आणि भरतनाट्यमलाही आहेत, पुण्या-मुंबईत बी.ए., एम.ए. करता येते. नेट परीक्षेत शारीरिक शिक्षण हा विषय क्रमांक ४७, तर नृत्य, नाट्य, रंगभूमी मिळून ६५. आयोगाच्या नियमावलीत एक चांगली खिडकीही ठेवली आहे: नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी मिळवलेल्या आणि आपला विषय तर्कशुद्धपणे समजावून सांगू शकणाऱ्या कलावंतालाही सहायक प्राध्यापक होता येते. पण ही खिडकी उघडते कुठे? जिथे नृत्याचा विभाग आहे तिथे. जिथे विभागच नाही, तिथे विशारद झालेली मुलगी आपला खासगी क्लास चालवते, कॉलेजच्या गॅदरिंगला महिनाभर नृत्ये बसवून देते, मानधनाचे पाकीट घेते आणि पुढच्या वर्षीची वाट पाहते. शारीरिक शिक्षणातही चित्र फार उजळ नाही. संचालकाचे पद रिकामे झाले की ते बरेचदा तासिका तत्त्वावर भरले जाते. पात्रता पूर्ण वेतनाची, काम पूर्ण वेळाचे, मोबदला मोजलेल्या तासांचा, तोही उशिरा. सकाळी सहाला मैदानावर असलेल्या माणसाचे तास कोणी आणि कसे मोजायचे, याचे उत्तर या पद्धतीत नाही.

खेळाडूला आणि नर्तकाला समाज आणि सरकार कसे वेगळे वागवतात, तेही बघा. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. नृत्यात देशपातळीवर पदक आणणाऱ्याला असे काही नाही. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे आणि लोककलांचे जादा गुण मिळू लागले, ही अलीकडची चांगली गोष्ट. पण घरात अजून फरक पडलेला नाही. मुलगी कबड्डीला जाते म्हटले तर वडील हरकत घेत नाहीत, उलट पोलीस भरतीला उपयोग होईल म्हणतात. तीच मुलगी लावणीच्या संघात निवडली गेली की घरी शांतता पसरते. ज्या जिल्ह्याने पवळाबाई दिली, तिथे हे व्हावे हे मनाला लागते. त्या कलावतींना टाळ्या मिळाल्या, पण त्यांच्या जातीमुळे आणि पेशामुळे मान मिळाला नाही; ती शिक्षा आजच्या मुली अजून भोगत आहेत. इथे शिक्षकाचे खरे कसब लागते. जिमखान्याच्या मॅडम स्वतः घरी जाऊन आईशी बोलतात, तालीम किती वाजता संपेल, सोबत कोण असेल, पोशाख कसा असेल ते सांगतात, आणि मुलीला परत आणून सोडतात. हे काम कुठल्याच कार्यभार तक्त्यात दिसत नाही. माझ्या मते या पेशातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

बदलाच्या दोन खुणा मात्र ठळक आहेत. पहिली संगमनेरची. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने डिसेंबर २०२० मध्ये योगासनाला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली, आणि संगमनेर हे या खेळाचे राज्यातले एक महत्त्वाचे केंद्र झाले. या खेळात पारंपरिक आसनांबरोबर कलात्मक आणि तालबद्ध असे प्रकार आहेत. संगीतावर, जोडीने, एका लयीत आसने करायची. तिथे लवचिकता आणि तोल मैदानाचा, तर लय आणि सादरीकरण रंगमंचाचे. असा संघ तयार करायला नुसता पीटीचा शिक्षक पुरत नाही आणि नुसता नृत्यगुरूही पुरत नाही. दुसरी खूण नव्या शैक्षणिक धोरणाची. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा ठरवला, त्यात सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत: योग, क्रीडा, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक उपक्रम, प्रयोगकला. २०२४-२५ पासून तो संलग्न महाविद्यालयांतही आला. म्हणजे आजवर हौसेने चालणारी गोष्ट आता गुणपत्रिकेवर आली. श्रेयांक द्यायचे तर शिकवणारा हवा, त्याचा तास वेळापत्रकात हवा, आणि त्या तासाचा पगारही हवा. नाहीतर हजेरीपटावर सह्या होतील आणि मुले कॅन्टीनमध्ये बसतील.

यात येऊ पाहणाऱ्या तरुणाला एकच सांगणे आहे: दोन्ही हात भरून या. मुळात खेळाडू असाल तर बी.पी.एड. करतानाच कथक, भरतनाट्यम किंवा एखाद्या लोकनृत्याचे रीतसर शिक्षण घ्या, निदान मध्यमापर्यंत जा. मुळात नर्तक असाल तर स्नायू, सांधे, दुखापत आणि प्रशिक्षणाचे शास्त्र शिका, आणि ती १२ किंवा ८ मिनिटांची धाव आत्तापासून सरावात ठेवा. नोकरी संचालकाच्या पदावर मिळेल, पण विद्यार्थी तुम्हाला ओळखतील ते दोन्हीमुळे. आणि संस्थाचालकांना विनंती अशी की सहअभ्यासक्रमांच्या श्रेयांकांची जबाबदारी वाटताना नृत्यासाठी पात्र माणूस नेमा, त्याला पूर्ण वेतन द्या, जिमखान्याच्या शेजारी लाकडी जमिनीची एक खोली बांधा, आणि पुढच्या युवक महोत्सवाची तालीम महोत्सवाच्या दहा दिवस आधी नव्हे, जुलैमध्ये सुरू करा.